चौथ्या नंबरचा मास्तर

ब्रॅड गिल्बर्ट हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. नियमित टेनिस बघणारी मंडळीसुद्धा सॅम्प्रस, आगासी, बेकर, एडबर्ग अशी नावं घडाघडा म्हणतात आणि गिल्बर्टपाशी आली की "हा कोण बुवा?" असं विचारतात. त्यांचं तरी काय चुकलं? या अमेरिकन गृहस्थाने आयुष्यात एकही ग्रँड स्लॅम जिंकलं नाही. फायनल तर सोडाच, सेमीफायनलही नाही. १९८७ ची यूएस ओपन आणि १९९० चं विम्बल्डन, दोन्हीकडे क्वार्टर फायनलला गाडी थांबली ती थांबलीच.

पण हाच माणूस पुढे कोच झाला आणि सगळं चित्रच पालटलं. आंद्रे आगासीच्या आठ ग्रँड स्लॅमपैकी सहा याच्या हाताखाली आली. अँडी रॉडिकने जिंकलेलं एकुलतं एक ग्रँड स्लॅम याच्याच काळातलं. आणि २०२३ मध्ये एकोणीस वर्षांची कोको गॉफ यूएस ओपन जिंकली तेव्हा तिच्या बॉक्समध्ये बसून सतत बडबड करणारे बासष्ट वर्षांचे आजोबा म्हणजे पुन्हा हेच.

मग प्रश्न असा पडतो की जे स्वतःला कधी जमलं नाही ते हा माणूस दुसऱ्यांकडून करून कसं घेतो? माझ्या मते उत्तर गंमतीशीर आहे. गिल्बर्ट चांगला कोच झाला तो मोठा खेळाडू नव्हता म्हणूनच. कसं ते सांगते. (मी पक्की कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

गिल्बर्टचा जन्म ९ ऑगस्ट १९६१ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. बेकरसारखा तो सतराव्या वर्षी विम्बल्डन वगैरे जिंकला नाही. तो आपल्यासारखा रीतसर कॉलेजात गेला. आधी फूटहिल कॉलेज आणि मग पेपरडाइन युनिव्हर्सिटी. पेपरडाइनला त्याचे कोच होते अ‍ॅलन फॉक्स. हे स्वतः १९६५ साली विम्बल्डनच्या क्वार्टर फायनलपर्यंत पोचलेले खेळाडू आणि वर मानसशास्त्रातले पीएच.डी. म्हणजे फोरहँड कसा मारायचा यापेक्षा समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय हे शिकवणारा गुरू त्याला ऐन उमेदीत भेटला. १९८२ मध्ये गिल्बर्ट अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत फायनलला पोचला, हरला, आणि त्याच वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला.

आता त्याच्याकडे भांडवल काय होतं? सर्व्हिस बेताची. बॅकहँड दिसायला कसातरीच, कोणीतरी दार ढकलावं तसा. बेकरची ती तोफ नाही, एडबर्गची ती नेटवरची नजाकत नाही, आगासीचे ते हात नाहीत. १९८० च्या दशकात अशा सगळ्या देवमाणसांच्या गर्दीत हा माणूस सामान्य सामान घेऊन उभा राहिला आणि तरीसुद्धा एकेरीच्या वीस स्पर्धा जिंकला! पाचशेच्या वर सामने जिंकले. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं. १९८९ मध्ये सिनसिनाटीची मोठी स्पर्धा जिंकली, फायनलला समोर होता स्टीफन एडबर्ग. आणि जानेवारी १९९० मध्ये तो जगात चौथ्या क्रमांकावर होता. चौथा म्हणजे खायचं काम नाही.

हे त्याने केलं कसं? उत्तर एका वहीत आहे. सामना संपला की गिल्बर्ट प्रतिस्पर्ध्याबद्दल नोंदी करून ठेवायचा. कोणाला कुठला बॉल आवडतो, कोण दडपणाखाली सर्व्हिस कुठे मारतो, कोण दमला की नेटकडे धावतो, कोणाचं डोकं कशाने फिरतं. आपण जर्नल लिहितो ते सबमिशनसाठी आणि बऱ्याचदा दुसऱ्याचं बघून. हा पठ्ठ्या मात्र स्वतःचं जर्नल स्वतः लिहायचा आणि पुढच्या वेळी त्याच माणसासमोर उभा राहताना ते वापरायचा.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे संथ बॉल. वाचायला हे विचित्र वाटेल, पण यात आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आहे. ताशी शंभर किलोमीटरने आलेला बॉल परत पाठवायला स्वतःचा जोर फारसा लागत नाही. रॅकेट नीट समोर धरली की बॉलचाच वेग कामी येतो. मोठे फटके मारणारे खेळाडू या उसन्या वेगावरच जगतात. पण बॉल जर मेल्यासारखा, खाली राहणारा, वेग नसलेला आला, तर सगळा वेग स्वतः तयार करावा लागतो, आणि तोही गुडघ्याखालून. मग टायमिंग चुकतं, बॉल नेटमध्ये जातो, पुढचा बाहेर जातो आणि तिसऱ्याला रॅकेट आपटली जाते. गिल्बर्ट असे बॉल दिवसभर घालू शकायचा.

याचा सगळ्यात गाजलेला बळी म्हणजे जॉन मॅकेन्रो. जानेवारी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मास्टर्स स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात गिल्बर्टने त्याला ५-७, ६-४, ६-१ असं हरवलं. मॅकेन्रोसारख्या कलाकाराला असल्या माणसाकडून हरणं इतकं लागलं की त्यानंतर तो साधारण सहा महिने टेनिसपासून लांबच राहिला. (फक्त याच एका पराभवामुळे नसेल, पण निमित्त तरी हेच झालं.) पुढच्या वर्षी यूएस ओपनमध्ये बोरिस बेकर दोन सेट पुढे होता. गिल्बर्टने उरलेले तीनही सेट जिंकून त्याला घरी पाठवलं.

लोक म्हणायचे, काय घाणेरडं खेळतो हा! गिल्बर्टने ती शिवी उचलली आणि १९९३ मध्ये स्टीव्ह जॅमिसनबरोबर लिहिलेल्या पुस्तकाला तेच नाव देऊन टाकलं: 'विनिंग अग्ली'. या पुस्तकात रॅकेट कशी धरावी यावर फारसं काहीच नाही. सामना पहिल्या सर्व्हिसच्या कितीतरी आधी सुरू होतो, हे त्यातलं मुख्य म्हणणं. कोर्टवर जाताना गाडीतच ठरवा की आज तुम्हाला काय घडवायचंय आणि काय टाळायचंय. वॉर्म-अपच्या पाच मिनिटांत नुसते हात मोकळे करत बसू नका, समोरचा काय लपवतोय ते बघा. टॉस जिंकलात तर सर्व्हिस घेऊ नका! आपण सगळे टॉस जिंकलो की हटकून सर्व्हिसच मागतो. गिल्बर्ट म्हणतो, साध्या खेळाडूची पहिली सर्व्हिस थंड हातांनी होते, ती गेम समोरच्याला खेळू दे. तुटली तर फायदा, नाही तुटली तर काही बिघडलं नाही. आणि गेम पॉइंटपेक्षा त्याच्या आधीच्या पॉइंटला जास्त जपा, कारण गेम पॉइंट कोणाच्या वाट्याला येणार ते तिथे ठरतं.

वाचताना हे सगळं फार किरकोळ वाटतं. इथे तिथे एखादा पॉइंट. एवढ्याने काय होणार? म्हणून मी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजा तुम्ही आणि मी टेनिस खेळतोय आणि प्रत्येक पॉइंट जिंकायची माझी शक्यता ५५ टक्के आहे, तुमची ४५. सर्व्हिस-रिटर्नचा फरक सोडून देऊ आणि प्रत्येक पॉइंट स्वतंत्र मानू. (खऱ्या टेनिसमध्ये असं नसतं, पण एम-थ्रीमध्ये आपण याहून भयंकर गृहीतकं बिनदिक्कत धरतो.) तर मग एक गेम जिंकायची माझी शक्यता येते सुमारे ६२ टक्के. एक सेट जिंकायची सुमारे ८१ टक्के. आणि पाच सेटचा सामना जिंकायची? ९५ टक्के!

म्हणजे शंभरातले फक्त पाच पॉइंट इकडचे तिकडे झाले की बरोबरीचा सामना जवळजवळ एकतर्फी होतो. टेनिसची गुणपद्धत म्हणजे एक अ‍ॅम्प्लिफायर आहे, छोटा सिग्नल घालायचा आणि मोठा बाहेर काढायचा. रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात हेच आकडे सांगितले होते. कारकिर्दीत एकेरीचे १५२६ सामने खेळला, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकला, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. फेडरर! ज्याला आपण देव मानतो तो जवळजवळ प्रत्येक दुसरा पॉइंट हरत होता.

आता गिल्बर्टचं शास्त्र लक्षात येईल. तो कोणाला नवीन फोरहँड देत नाही. तो ते पाच पॉइंट शोधून देतो.

पण ते त्यालाच का दिसतात, बेकरला किंवा मॅकेन्रोला का नाही? हे समजायला आपलं हॉस्टेल पुरेसं आहे. पीएल सुरू झाली की रात्री अकरा वाजता एखाद्या खोलीत गर्दी जमते. ती खोली टॉपरची असते का? आमच्या विंगमध्ये तरी नसते. टॉपरला विचारलं "हे इंटिग्रल इथे असं का केलं?" तर तो दोन सेकंद बघतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो, "असंच तर करतात ना!" त्याला खरंच माहीत नसतं, कारण तो त्या पायरीवर कधी अडलाच नाही. गर्दी असते ती साठ-बासष्ट टक्केवाल्या मुलीच्या खोलीत. ती प्रत्येक पायरीवर अडलेली असते, त्यामुळे कुठला खड्डा कुठे आहे आणि त्यातून बाहेर कसं यायचं हे तिला पाठ असतं. गिल्बर्ट ही टेनिसमधली साठ-बासष्ट टक्केवाली मुलगी आहे.

तर मार्च १९९४. आगासी तेव्हा तेवीस वर्षांचा. १९९२ मध्ये विम्बल्डन जिंकलेला, पण त्यानंतर घसरण लागलेली. मनगटाचं ऑपरेशन झालेलं, जुना कोच निक बोलेटिएरी सोडून गेलेला. गुणवत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती. बॉल वर येतानाच घ्यायचा आणि समोरच्याला श्वास घ्यायला वेळच द्यायचा नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच जमत नव्हतं. पण तो अशा लोकांकडून हरायचा की बघणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

आगासीने २००९ मध्ये आलेल्या 'ओपन' या आत्मचरित्रात त्यांच्या पहिल्या भेटीची हकिकत दिली आहे. मायामीजवळच्या एका बेटावर जेवायला भेटले. गिल्बर्ट आपली ठरलेली बिअर स्वतःच घेऊन आलेला. आगासीने विचारलं, माझ्या खेळाबद्दल तुझं काय मत? गिल्बर्टने काहीही गोड न करता सांगितलं. प्रत्येक बॉलवर जगातला सर्वोत्तम फटका मारायचा तुझा हट्ट आहे, तोच तुला बुडवतोय. परफेक्ट व्हायची गरजच काय? त्या दिवशी जाळीपलीकडे उभ्या असलेल्या एका माणसापेक्षा बरं खेळलास की झालं. विनर मारत सुटू नकोस, त्याला चुकायची संधी दे. मग गिल्बर्ट हात धुवायला गेला आणि तेवढ्यात आगासीने मॅनेजरला सांगून टाकलं की आपला माणूस हाच.

गंमत म्हणजे गिल्बर्ट तेव्हा स्वतः अजून खेळत होता. निवृत्त झाला तो १९९५ मध्ये. आपल्या वहीत ज्याच्याबद्दल नोंदी आहेत त्यालाच ती वही वाचून दाखवायची, अशी ही नोकरी. पहिले काही महिने निकाल बेताचेच आले. मग उन्हाळ्यात आगासी टोरंटोला जिंकला आणि सप्टेंबरमध्ये यूएस ओपनला उतरला, तोही बिनमानांकित. त्याने पाच मानांकित खेळाडूंना हरवलं, फायनलला मायकेल श्टिखला सरळ तीन सेटमध्ये. १९६६ नंतर बिनमानांकित खेळाडू ती स्पर्धा जिंकल्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, फायनलला सॅम्प्रस. एप्रिल १९९५ मध्ये आगासी जगात पहिला.

इथे गोष्ट संपली असती तर गिल्बर्ट नशीबवान कोच म्हणून सोडून देता आला असता. खरी परीक्षा पुढे होती. १९९७ मध्ये आगासी पार कोसळला. मनगट दुखतंय, मन खेळात नाही, लग्नात गडबड, आणि नोव्हेंबरमध्ये क्रमवारीत १४१ वा. अशा वेळी बहुतेक कोच दुसरीकडे बघायला लागतात, पगार घेणारा माणूस बुडणाऱ्या जहाजावर का थांबेल? गिल्बर्ट थांबला. आणि थांबून गोंजारत बसला नाही. त्याने आगासीपुढे दोनच वाटा ठेवल्या: सोडून दे, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात कर.

पहिल्यापासून म्हणजे अक्षरशः. विम्बल्डन जिंकलेला, एके काळचा जगातला पहिला खेळाडू चॅलेंजर स्पर्धा खेळायला गेला. चॅलेंजर म्हणजे टेनिसमधली जिल्हा पातळी म्हणा ना. जिथे नवी पोरं क्रमवारीत नाव यावं म्हणून खेळतात. लास वेगासला फायनल हरला, बरबँकला जिंकला. गिल रेयेस या ट्रेनरने शरीर पुन्हा बांधलं (त्याचं श्रेय गिल्बर्टच्या खात्यात टाकायला नको) आणि १९९८ संपता संपता आगासी सहाव्या क्रमांकावर आला.

मग १९९९ ची फ्रेंच ओपन. फायनलला समोर युक्रेनचा आंद्रेई मेदवेदेव. पहिला सेट १-६ गेला आणि पावसाने खेळ थांबला. लॉकर रूममध्ये आगासी गप्प बसलेला, आणि कधी नव्हे तो गिल्बर्टही गप्प. शेवटी आगासीने छेडलं तेव्हा त्याचा बांध फुटला. यावेळी कुठली वही नाही, कुठली टक्केवारी नाही. समोरचा तुझ्यापेक्षा चांगला खेळाडू आहे असं मला सांगू नकोस. हरायचं असेल तर हर, पण निदान तुझ्या पद्धतीने लढून हर, अशा अर्थाचं काहीतरी तो ओरडला. आगासी परत गेला, दुसरा सेटही हरला (चित्रपटात असं दाखवलं नसतं!) आणि मग ६-४, ६-३, ६-४. चारही ग्रँड स्लॅम जिंकणारा तो इतिहासातला फक्त पाचवा पुरुष ठरला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने आयुष्यभर हिशेब शिकवला त्याला त्या दिवशी कळलं की आज हिशेब उपयोगाचा नाही. आजाऱ्याला औषध कुठलं हे पुस्तकात असतं, आज द्यायचं की नाही हे पुस्तकात नसतं. त्याच वर्षी यूएस ओपन, मग २००० आणि २००१ ची ऑस्ट्रेलियन ओपन. जानेवारी २००२ मध्ये दोघं वेगळे झाले, आणि आगासीने नंतर कधी त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

रॉडिकचं प्रकरण थोडक्यात उरकते, कारण ते झालंच तसं धडाक्यात. मे २००३ मध्ये रॉडिक फ्रेंच ओपनच्या पहिल्याच फेरीत गारद झाला. जूनमध्ये गिल्बर्ट आला. लगेच क्वीन्स क्लबची स्पर्धा, मग माँट्रियल, सिनसिनाटी आणि यूएस ओपन. त्या यूएस ओपनच्या सेमीफायनलला तो नाल्बांडियनविरुद्ध दोन सेट मागे होता आणि एक मॅच पॉइंटही वाचवावा लागला होता. वर्षाअखेरीस जगात पहिला. डिसेंबर २००४ मध्ये दोघांची फारकत. बास.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाणारी गोष्ट. जुलै २००६ मध्ये ब्रिटिश टेनिस संघटनेने स्वतः पैसे मोजून गिल्बर्टला एकोणीस वर्षांच्या अँडी मरेसाठी आणलं. सुरुवात झकास झाली. ऑगस्टमध्ये मरेने सिनसिनाटीला फेडररला हरवलं, आणि त्या वर्षी नदाल सोडून फेडररला हरवणारा तो एकटाच. एप्रिल २००७ मध्ये मरे पहिल्या दहात गेला. पण दोघांचं जमेना. गिल्बर्ट सतत बोलणारा, मरे मुळात घुम्या आणि कोर्टवर चिडका. सामना चालू असताना मरे बॉक्सकडे बघून ओरडतोय, हे दृश्य लोकांच्या सवयीचं झालं. नोव्हेंबर २००७ मध्ये संपलं.

आणि मग मरेला घडवलं कोणी? इव्हान लेंडलने! आठ ग्रँड स्लॅम जिंकलेल्या लेंडलने, ज्याला गिल्बर्ट आपल्या वहीसकट आयुष्यात एकदाही हरवू शकला नव्हता. २०१२ च्या सुरुवातीला लेंडल आला आणि त्याच वर्षी मरेने ऑलिम्पिक सुवर्ण आणि यूएस ओपन, पुढच्या वर्षी विम्बल्डन जिंकलं. झालं, माझा साठ-बासष्ट टक्क्यांचा सिद्धांत इथे आपटला की काय?

मला वाटतं नाही, फक्त थोडा दुरुस्त करावा लागतो. लेंडलचं नीट बघा. तो पहिल्या चार ग्रँड स्लॅम फायनल हरला होता. लोक त्याला ऐनवेळी कच खाणारा म्हणायचे. १९८४ च्या फ्रेंच ओपनमध्ये पाचव्या प्रयत्नात तो जिंकला. मरे? तोही पहिल्या चार फायनल हरला आणि पाचवी जिंकला! मरेला बॅकहँडचा खड्डा नव्हता, चार वेळा हातातोंडाशी येऊन हरल्यानंतर पाचव्यांदा कोर्टवर कसं जायचं हा त्याचा खड्डा होता. त्या खड्ड्यात पडून बाहेर आलेला माणूस गिल्बर्ट नव्हता, कारण तो कधी सेमीफायनललाच पोचला नव्हता. तो होता लेंडल, आणि तो बॉक्समध्ये दगडासारखा गप्प बसायचा. कोच किती जिंकला किंवा हरला यापेक्षा तो कुठे अडला होता ते महत्त्वाचं. नुसतं मोठं नाव आणून काय होतं याचा नमुना हवा असेल तर २०१३ मध्ये शारापोव्हाने जिमी कॉनर्सला कोच नेमलं होतं. एका सामन्यानंतर दोघांनी रामराम केला.

गिल्बर्टच्या शेवटच्या मोठ्या कामाकडे यायच्या आधी एक नियम सांगायला हवा. टेनिसमध्ये वर्षानुवर्षं सामना चालू असताना कोचने बोलायला बंदी होती. साधी हाताची खूण केली तरी ताकीद. त्यामुळे आगासीच्या काळात गिल्बर्टचं सगळं काम आदल्या रात्रीपर्यंत संपायला लागायचं. ओपन लूप कंट्रोल म्हणतो ना आपण, तसं. एकदा इनपुट दिलं की पुढे फक्त बघत बसायचं. महिलांच्या स्पर्धांमध्ये ही बंदी आधीच सैल झाली होती, पुरुषांसाठी जुलै २०२२ पासून प्रयोग सुरू झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने कोर्टबाहेर बसून सल्ला द्यायला कायमची परवानगी दिली. फीडबॅक लूप जोडला गेला. आणि गिल्बर्टसारख्या बडबड्या माणसाला तर साखरेची पोतीच मिळाली.

२०२३ च्या विम्बल्डनला कोको गॉफ पहिल्याच फेरीत हरली होती. तिच्या फोरहँडवर मारा की ती चुकते, हे तोपर्यंत सगळ्या लॉकर रूमला पाठ झालं होतं. पेरे रीबा हा तिचा कोच होता, त्याच्या जोडीला गिल्बर्टला घेतलं. त्याने काय केलं असेल? बरोबर ओळखलंत, फोरहँड बदलायला गेला नाही. पाच-सहा आठवड्यांत तो बदलतही नसतो. फोरहँडवर जोर कमी, उंची जास्त, बॉल आत ठेव. जगात तुझ्याइतकं पळणारं कोणी नाही, तर रॅली लांबव आणि चुकायचं काम समोरचीवर सोपव. तीच जुनी वही. वॉशिंग्टन जिंकली. सिनसिनाटीला इगा श्व्यांतेकला हरवलं, जिच्याविरुद्ध आधीचे सातही सामने गेले होते, आणि मग ती स्पर्धाही जिंकली. यूएस ओपनच्या फायनलला सबालेंकाविरुद्ध पहिला सेट २-६ गेला, नंतर ६-३, ६-२.

त्याच स्पर्धेत वोझ्नियाकीविरुद्धच्या सामन्यात गिल्बर्ट बॉक्समधून अखंड सूचना देत होता. शेवटी वैतागून गॉफने त्याला आता गप्प बस असं सांगितलं, आणि पुढे जाऊन सामना जिंकली. नवीन नियमामुळे कोचला बोलायची मुभा मिळाली, पण फीडबॅक जास्त झाला की सिस्टिम अस्थिर होते, हे आपल्याला कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात लिहावं लागतं. ते एकोणीस वर्षांच्या मुलीने कोर्टवर सिद्ध केलं.

वर्षभराने मात्र वही पुरेशी ठरली नाही. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये गॉफ चौथ्या फेरीत एमा नवारोकडून हरली, त्या एका सामन्यात एकोणीस डबल फॉल्ट. सर्व्हिस ही अशी गोष्ट आहे की जिथे समोरच्याची चूक होण्याची वाट बघताच येत नाही, बॉल तुमच्याच हातात असतो. सप्टेंबरमध्ये दोघांनी थांबायचं ठरवलं. गॉफने सर्व्हिस दुरुस्त करायला दुसरा माणूस घेतला, आणि जून २०२५ मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली. फायनलला समोर पुन्हा सबालेंका होती, पुन्हा पहिला सेट गेला होता, आणि गॉफ तिथून मागे आली ती उंच बॉल टाकत, पळत, सबालेंकाला चुकायची संधी देत. बॉक्समध्ये गिल्बर्ट नव्हता.